सुमतीच्या हिरड्या

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोरांजवळ नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. देवबागेत आमच्या घरी माझी धाकटी जाऊ आली — सुमती, शिरोड्याची. दीर मुंबईला गोदीत. सुमती हसली की सासूबाई हातातलं काम ठेवून बघत राहायच्या. माझ्याकडे असं कधी बघितलं होतं त्यांनी? आठवत नाही.

वर्षभरात तिच्या उशीवर रक्ताचे डाग दिसू लागले. थुंकीतही रक्त. शब्द कोणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या मनात क्षयच. मीच तिला मालवणात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, मग हिरडी बोटाने दाबली — पू आला. ती चूळ भरायला मागे गेली, तेव्हा ते मला म्हणाले, "छाती साफ आहे. दातांच्या मुळाशी कीट साचलंय, त्यात जंतू झालेत. ते खरवडून काढावं लागेल, दोन-चार खेपा आणा. रोज दात घासून मिठाच्या पाण्याने चुळा भरू दे. नाहीतर दात हलतील."

वाटेत तिने विचारलं, "वयनी, काय म्हणालो डाक्टर?"

"घराक चल," मी म्हटलं.

दारातच सासूबाई. "क्षय आसा?"

"डाक्टरान माका नीट कायेक सांगूक नाय."

का बोलले असं? तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं होतं — असं वाटतं. की नव्हतंच? माझ्या कडेवरच्या पोरासाठी घाबरले? पण छाती साफ आहे हे मीच ऐकलं होतं ना? मग?

तिचं ताट वेगळं झालं. थोड्याच दिवसांत बाप येऊन तिला शिरोड्याला घेऊन गेला. आज सांगते, उद्या सांगते — मी रोज ठरवायचे.

काही वर्षांनी ती परत आली. खोकला नाही, ताप नाही. क्षय नव्हताच, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. पण पुढचे दात एकेक करून पडले होते. सासूबाई तिला जवळ घेऊन रडल्या. तोंडावर पदर धरून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "वयनीनच माका डाक्टराकडे नेल्यान. दुसऱ्या कोणी हात लावूक नाय."

आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिला थांबवलं नाही. "सुखी रव," म्हटलं.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच चुलीवरचं जेवलो. मी तिच्यासाठी भात मऊ शिजवायचे. ती गेली. तिला मी हे सांगितलं नाही.