भाऊंचं चुंबक

माझ्या मोठ्या दिरांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांना कळत नाही असं जगात काही नाही, हे त्यांचं स्वतःचं मत. जुन्या मीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरायची. घरात वीज जास्त ओढली की जोरात, कमी ओढली की सावकाश. चुंबक लावलं की ती मंदावते, हे ज्ञान त्यांना जळगावातल्या कुठल्याशा पानटपरीवर मिळालं आणि तेवढ्यावर ते विजेचे जाणकार झाले.

मग नवं मीटर बसलं. त्यात फिरणारं काहीच नाही. विजेचा दाब आणि प्रवाह सतत मोजून आतलं सर्किट गुणाकार करतं आणि खर्च होईल तसा लाल दिवा लुकलुकतो. त्यानंतर आमचे युनिट अचानक भलतेच वाढले. भाऊंनी चोर लगेच शोधला.

"बठ्ठा करंट ती वरनी बाई चोरी राह्यनी!"

वरची बाई म्हणजे आमच्या भाडेकरू, दवाखान्यातल्या सिस्टर. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. भर मे महिन्यात भाऊंनी त्यांची वायर तोडली. सिस्टर ओल्या फडक्याने वडिलांचं अंग पुसत बसल्या. मी माझ्या स्वयंपाकघरातून वायर ओढून त्यांचा पंखा लावला, तर भाऊ माझ्यावरच ओरडले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी पंखा थोडा वेळ थांबवला, घरातलं सगळं बंद केलं, एकच बल्ब चालू ठेवला. तरी लाल दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. स्टुलावर चढून पाहिलं, तर मीटरच्या बाजूला जुन्या स्पीकरचं चुंबक चिकटवलेलं! ओढून काढलं, तसा दिवा शांत झाला.

"भाऊ, चुंबक जाणवलं की हे मीटर पूर्ण भार चालू आहे असं धरून युनिट नोंदवतं. चोर तुम्हीच. आणि चोरी करून तोटाही स्वतःचाच करून घेतलात."

"मीटरच खराब शे," ते पेपर चाळत म्हणाले.

"सिस्टरची माफी मागा."

"भाडेकरूनी माफी? मी?"

एवढ्या मोठ्या मिशा, आणि मागे एवढासा माणूस. मला त्यांचा रागही येईना, नुसती किळस आली.

सिस्टर महिनाअखेर वडिलांना घेऊन चोपड्याला गेल्या. मी थांबा म्हटलं, त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या वरच्या जागेत आम्ही दोघं नवरा-बायको राहायला गेलो. नवऱ्याला म्हटलं, "चूल वेगळी आणि मीटरही वेगळं." तो भावाविरुद्ध चकार शब्द न काढता अर्ज करून आला.

भाऊ अजूनही टपरीवर नव्या मीटरांवर व्याख्यान देतात.