कायतानबाबांचा महिषासुर

कायतानबाब आपल्या वाजवायच्या यंत्राचे बटण दाबत आणि त्याच्याकडे पाठ करून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यांच्या ओट्यावर, चहा पीत बसत. आम्ही नाटकवाले घाईला आलेलो असू. पण ते पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडा चहात बुडवून सावकाश खात. म्हणत, "तापूंक दी, मास्तर. थंड आसतना तें फटी मारता." यंत्र थंड असताना खोटा सूर लावी आणि तापले की सुरात येई, हे खरेच होते. पण कायतानबाब हेच वाक्य माणसांनाही लावत. कुणी नवा पुढारी तावातावाने बोलायला लागला की म्हणत, "हो अजून तापूंक ना."

उमेदीची वर्षे त्यांनी बोटीवरच्या बँडमध्ये घालवली. बोट सोडून गोव्याच्या पेडण्यातल्या आमच्या गावी परतले ते एक सिंथेसायझर घेऊन. लाकडी कडांचे, खुंट्याच खुंट्या असलेले ते धूड गावाने कधी पाहिले नव्हते. मी गावच्या शाळेत मास्तर. जत्रेतले मराठी नाटक बसवायचे काम माझ्या गळ्यात. एका तालमीला कायतानबाब आपणहून आले, मागे उभे राहून ऐकले आणि मला म्हणाले, "तुमचो राकेस येता तेन्ना पेटी भजनाक बसल्यावरी वाजता." मला राग आला. पण राक्षसाच्या प्रवेशाला आमची पेटी भजनासारखीच वाजे, खोटे काय होते त्यात? दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दारात गेलो.

त्यांनी मला यंत्राचे पोट समजावले. आत सूर काढणारे दोघे, थोरला आणि धाकटा. 'सिंक' नावाची कळ खाली केली की धाकटा बांधला जाई. थोरल्याचा फेरा संपला की धाकट्याने हातातले काम टाकून पहिल्यापासून सुरुवात करायची. सूर थोरल्याचाच राही. पण कायतानबाब धाकट्याची खुंटी वर फिरवत नेत, तसा त्याच सुराला एक फाटका, चिरका गळा फुटत जाई. "आयकलें? बांदून घाल्लो म्हणून तर बोबाट मारता," ते म्हणत, आणि त्यांचे डोळे चमकत. मग दुसरी खुंटी. तिने एकाचा हेलकावा दुसऱ्याच्या सुरात घुसे आणि कासाळें, म्हणजे मोठी झांज, पत्र्यावर आपटल्यासारखा खणखणाट होई. त्या दोन आवाजांवर आमचा महिषासुर रंगमंचावर येऊ लागला. पहिल्या वर्षी पुढच्या रांगेतली पोरे आयांच्या मागे दडली. मी तर खूश.

महिषासुर करायचा भिकू, जत्रा समितीचा अध्यक्ष. आवाजाने भरदार, तालमीत शिव्या देणारा, पण प्रवेशाच्या वेळी विंगेत लहान मुलासारखा घाबरणारा. कायतानबाबांची खुंटी फिरली की मगच त्याचे पाय हलत.

पुढे गोवा घटकराज्य होण्याच्या आधी मराठी की कोंकणी हा भाषेचा वाद पेटला. एकाच ताटात जेवलेली माणसे एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ लागली. समितीने ठरवले, मराठी नाटकात कोंकणीवाला नको, फोंड्याहून ऑर्गनवाला आणायचा. कायतानबाबांच्या मेव्हण्याने त्यांना बजावले, मराठीवाल्यांकडे गेलास तर आमच्या घरी येऊ नकोस. दोन्ही बाजूंनी त्यांना घरी बसवायचे पक्के झाले. समितीचा निरोप सांगायला मला पाठवले. निरोप सांगताना मला माझीच लाज वाटत होती.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हजी भास कोंकणी. तिचेखातीर हांव रस्त्यार देंवलां, आनीक देंवतलों," ते म्हणाले. "पूण राकेस मराठींतूच उलोवंक जाय. कोंकणींत उलयलो जाल्यार घरचो दिसतलो. भियेतलो कोण?"

कोंकणीसाठी रस्त्यावर उतरलेला हा माणूस राक्षसाने मराठीच बोलावे म्हणत होता, कोंकणीत तो घरचाच वाटेल म्हणून. मी भारावून म्हणालो, "कायतानबाब, आपला गोवाही तुमच्या त्या सिंकसारखाच..."

"मास्तर, भाशण नाका," त्यांनी मला तोडले. "च्या घे."

रंगीत तालीम जत्रेच्या आदल्या दुपारी होती. फोंड्याच्या गृहस्थांनी नांदी सुरेख वाजवली. माणूस गुणी होता. महिषासुराची वेळ आली. ऑर्गन गंभीर वाजला. भिकू येईना. मी विंगेत धावलो. शिंगे, मिशा, हातात तलवार, आणि पाय जमिनीला चिकटलेले. "मास्तर," तो म्हणाला, "माझो आवाज खंय?"

आणि तो आवाज आला. मांडवातून नव्हे, रस्त्यापलीकडून, कायतानबाबांच्या बाल्कांवातून. कर्णा लावला होता पठ्ठ्याने. आधी तो चिरत जाणारा बोबाट, मग खणखणाट. भिकूने विचारही केला नाही. उडी मारून रंगमंचावर आला आणि अख्खे भाषण एका दमात म्हणाला. मग त्याला कळले आपण काय केले. समितीचे लोक छताकडे बघत होते. मला हसू आवरेना.

शिंगांसकट रस्ता ओलांडून भिकू त्यांच्या बाल्कांवात गेला. मी मागोमाग. उद्या पडद्यामागून वाजव, अशी गळ तो घालू लागला. "कायतान, फाल्यां पडद्याफाटल्यान बस. वाजय, पूण लोकांका दिसा नको."

"फाटल्यान भुतां बसतात," कायतानबाब म्हणाले. "हांव गांवचो मनीस. मुखार बसतलों, म्हज्या जाग्यार. आनी बोर्डार म्हजें नांव जाय. ना जाल्यार तुजो राकेस तूंच वाजय."

भिकूने तलवारीचे टोक जमिनीवर घासले. मग म्हणाला, "बरां."

जत्रेला कायतानबाब बोटीवरचा पांढरा कोट घालून पुढे बसले. बोर्डावर त्यांचे नाव मी स्वतः लिहिले, भिकूच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. काही मंडळी उठून गेली. तेव्हा कायतानबाबांनी आवाज वाढवला, गेलेल्यांनाही शेवटपर्यंत ऐकू यावे म्हणून. मेव्हण्याने त्यांच्याशी बोलणे सोडले. त्यांनी फार वर्षे ते सोसले, पण पुढची जागा सोडली नाही. मला हा माणूस फार आवडायचा.

कायतानबाब वारले तेव्हा मी आणि भिकू मिळूनच अंत्ययात्रेला गेलो. चर्चमागच्या सिमितेरीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, फाटकापाशी भिकू थांबला. लोक आत जात होते. मी म्हटले, "चल." त्याचे पाय हलेनात.

"मास्तर," तो म्हणाला, "माझो आवाज खंय?"

मी त्याचा हात धरला. फाटकाच्या आत मेव्हण्याकडची काही माणसे आमच्याकडे रोखून बघत उभी होती. भिकूने त्यांना पाहिले, हात सोडवून घेतला, छाती पुढे काढली आणि विंगेतून रंगमंचावर शिरायचा तसा त्यांच्यामधून आत गेला.