आभाळाचा मावेजा

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली तेव्हा मास्तर रजेवर गेल्ते, म्हणून वडिलांनी मला वाचायला नेलं. मी सातवीतून शाळा सोडलेली, तरी आमच्या घरात वाचणारी मी एकटीच. हवाई प्रशिक्षणासाठी खालील गावांवरील क्षेत्र घेण्यात येत आहे, असं लिहिलं होतं. खाली आमच्या गावाचं नाव. 'क्षेत्र' हा शब्द मी तोवर फक्त सातबाऱ्यावर पाहिलेला. 'वरील'कडे माझं लक्षच गेलं नाही.

"बाबा, आपली जमीन चालली," मी म्हणाले.

वडील चक्क हसले. मोठ्या रस्त्यात जमिनी गेलेल्यांची नवी घरं त्यांनी पाहिली होती. "मंग मावेजा येणार! सरकारच घेणार हाय तर पेरायचं कशाला?"

गावानं पेरलं. मास्तर वेगळंच सांगतात, असं शेजारी येऊन सांगून गेले. वडील म्हणाले, "मास्तरची जिमीन हाय का हितं? माझ्या पोरीनं वाचलंय."

आमच्या रानात गुडघ्याएवढं गवत झालं तेव्हा तलाठी आले. वडिलांनी मोजणीचं विचारलं. तलाठी म्हणाले, "जमीन तुमचीच राहणार. त्यांना फक्त वरचं पाहिजे, विमानं उडवायला."

त्या वर्षी आम्ही लोकांच्या रानात कापूस वेचला. डोक्यावरून विमान गेलं की बाया कान झाकायच्या आणि मग हसायच्या. "बघ गं, तुमच्या मळ्यातून चाललं!" टेंभुर्णीच्या बाजारात तर वडिलांचं नावच 'आभाळवाले' पडलं. कुणीही विचारायचं, "आभाळवाले, मावेजा आला का?" वडिलांनी मला कधी मारलं नाही, हे त्यांचे उपकार. पण त्यानंतर औषधाची चिठ्ठीसुद्धा ते माझ्यासमोरून दुसऱ्याच्या घरी न्यायचे.

गावातल्या एक काकू तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात होत्या. त्यांनी मला इकडं आणलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं. त्यांचं ऋण फिटायचं नाही. मी लेबलं तपासते. प्रत्येक लेबल तीनदा वाचते. सोबतच्या मुली चिडतात, पण माझा हात पुढं सरकत नाही.

यंदा विमानांची हद्द वाढली. आईनं शेजारणीकडून नव्या नोटिशीचा फोटो पाठवला. जेवणाच्या सुट्टीत मी तो चारदा वाचला, 'वरील' आणि 'खालील'वर बोट ठेवून. मग फोन केला. "आई, विमानं आता लई खालून जाणारेत. सोमवारपासून दुपारची जनावरं गोठ्यात बांधायची."

आईनं ते मोठ्यानं वडिलांना सांगितलं. मागून आवाज आला, "तिनं वाचलंय व्हय? मंग सोड म्हशीला बांधावर."

"आवं, पण…"

"सोड म्हन्लं ना."

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. विमान बाभळीच्या शेंड्यावरून गेल्यासारखं गेलं, म्हशीनं बांधावर ठोकलेला खुंटा उपटला आणि सरळ विहिरीत गेली. विहिरीला कठडा नाही. दोर लावून माणसं ओढून राह्यलीत, पण तिची मान मोडलेली.

"तू बराबर वाचलं होतं गं," आई रडत म्हणाली.

मला आधी बरं वाटलं. चांगलं छाती भरून बरं वाटलं. म्हैस गाभण होती, हे मला नंतर आठवलं.