भाचीचं लग्न, फोटोत मामा

माझ्या सख्ख्या भाचीशी माझं लग्न झालेलं नाही, असं मला कॅनडा सरकारला स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं.

हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या सावकाश खाली आणाव्यात. सुरतेच्या भेस्तान भागातल्या आमच्या सोसायटीत काहींच्या अजून वरच आहेत. खरं तर या प्रकरणात माझा काही दोष नव्हता. (हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती हसत स्वयंपाकघरात गेली.)

निशा ही माझ्या मोठ्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक लेक. भावजी गेल्यावर तिला मी वाढवलं. म्हणजे वाढवलं अक्कानंच, पण शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही माझी असायची. तिचं लग्न जमलं नंदुरबारच्या भूषणशी. भूषण कॅनडात ट्रक चालवतो आणि तिथला कायमचा रहिवासी झालाय. लग्न सुरतेत झालं, आणि रजा संपली म्हणून अंगाची हळद उतरायच्या आत जावई विमानात बसला. त्यानंतर संसार सगळा मोबाईलवर. तो झोपायला निघाला की इकडे ही सकाळचा चहा ठेवायची, आणि "जेवलास का?" या प्रश्नाचं उत्तर कधीच वेळेवर मिळायचं नाही.

शेवटी निशा टुरिस्ट व्हिसा काढून नवऱ्याकडे गेली. निघताना मी बजावलं, "फिर, बघ, बर्फात फोटो काढ आणि वेळेत परत ये. आपल्या घराण्याची इज्जत तुझ्या पासपोर्टात आहे!"

थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. "मामा, मी इथूनच अर्ज करतेय. बायको म्हणून नवऱ्याजवळ कायमचं राहायचा."

"अगं, तू पाहुणी म्हणून गेलीस ना? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!"

"मामा, मी काही पसरत नाहीये. माझी मुदत आहे तोवर इथून अर्ज करता येतो, वकिलाला विचारलंय. काही लपवायचं नाही. फक्त लग्न खरं आहे एवढं दाखवायचं."

"त्यात काय दाखवायचं? अख्खं भेस्तान जेवून गेलं!"

"जेवणाऱ्यांना नाही विचारत ते. फोटो मागतात."

आणि इथे माझा प्रवेश झाला. कारण फोटो माझ्याकडे होते. आमचा फोटोग्राफर कतारगामचा. लग्नाचे फोटो पहिल्या बाळाच्या बारशाला द्यायचे असा त्या लोकांत काही नियम असावा. निशा गेल्यानंतर कुठे त्याने पेनड्राइव्ह दिला होता. अक्काला त्यातलं काही कळत नाही. उरलो मी. मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये कापड तपासतो. तागा पळत असताना मिरीएवढा डाग मला लांबून दिसतो. म्हटलं, फोटो निवडायचे तर माझ्यासारखी नजर कोणाची?

बसलो निवडायला. नियम साधा ठेवला: चांगले तेवढे घ्यायचे. आता चांगला फोटो म्हणजे ज्यात आपण चांगले दिसतो तो, ही सगळ्या जगाची रीत आहे. ती मी एकट्याने पाळली असं नाही.

शिवाय आमच्यात लग्नात मामाचं काम मोठं. मामाने नवरीला मांडवात आणायचं, बोहल्यावर तिच्या पाठीशी उभं राहायचं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत हलायचं नाही. मी नवा कोट घालून उभा राहिलो आणि हललो नाही. समोर अंतरपाट धरलेला. अंतरपाटाच्या अलीकडे निशा आणि मी, पलीकडे जावई. फोटोग्राफर अलीकडे! पुढे अंतरपाट दूर झाला, तर जावयाच्या तोंडावर फुलांचा सेहरा. (इतकी वर्षं सुरतेत राहून आमच्या माणसांना ती एक हौस लागलीय.) हळदीचे फोटो घेतले, त्यात निशाला हळद लावणारा मी, जावयाची हळद नंदुरबारला, त्याच्या घरी. स्टेजवर नवरा-नवरीच्या मध्ये थोडी जागा दिसली म्हणून मी तिथे उभा. पाठवणीला निशा माझ्या गळ्यात पडून रडतेय; जावई एसी लावून गाडीत.

फोटो निवडून मी घरात सगळ्यांना दाखवले. अक्काने पदर डोळ्याला लावला. "चांगला उनात रे फोटो, भाऊ!" (अक्का अजून खान्देशातली अहिराणीच बोलते; "उनात" म्हणजे आले.) बायकोही म्हणाली, "हो, छान आहेत." तिकडे निशाने पाहिले, भूषणने पाहिले, आणि अर्जाला जोडून टाकले. कोणाला काही खटकलं नाही. कसं खटकणार? अंतरपाटामागे भूषण आहे हे आम्हाला माहीत होतं, म्हणून तो आम्हाला दिसत होता. सेहऱ्याआडचं हसूसुद्धा दिसत होतं! कॅनडाच्या साहेबाला मात्र फक्त कापड दिसलं. आणि मी.

साहेबाचं पत्र आलं. मजकूर सभ्य होता. अर्जदार बाई जवळजवळ प्रत्येक फोटोत एकाच वयस्कर पुरुषाबरोबर दिसतात. हा पुरुष अर्जात दाखवलेला नवरा वाटत नाही. तो कोण याचा मुदतीत खुलासा करावा, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय होईल.

"मामा," निशा फोनवर रडत होती, "अर्ज फेटाळला तर मला परत यावं लागेल. मग तिकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून. किती महिने जातील सांगता येत नाही म्हणतात."

लग्न झाल्यापासून ही दोघं पहिल्यांदा एका छपराखाली राहत होती. पोर नवऱ्याला गरम पोळी वाढायला लागली होती, तोही आता वेळेवर जेवत होता, आणि ते सगळं माझ्या नव्या कोटामुळे मोडायला निघालं होतं. मला फार वाईट वाटलं. ("वयस्कर" या शब्दाचंही वाटलं. पण ते मी तेव्हा बोललो नाही.)

अक्का मात्र बोलली. पेनड्राइव्ह मलाच टीव्हीला लावायला सांगून तिने सगळे फोटो पुन्हा पाहिले आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, हाई पोरनं लगीन शे का तुन्हं?"

"अक्का, मामा म्हणून उभं राहायला नको?"

"उभा ऱ्हाय ना! पन जवाई कोठे शे? मन्ही पोर माघारी उनी ते तुन्हाच दारमा आनी बसाडसू!"

बायकोने तेल ओतलं. "आपल्या लग्नात एवढा उत्साह असता तर बरं झालं असतं."

आम्ही भूषणचं तोंड शोधायला लागलो. एका फोटोत सापडला, पण तोंडात अख्खी जिलबी होती. एकात मान खाली घालून बूट शोधत होता. (ते माझ्याच मुलींनी लपवले होते.) एका फोटोत तो स्पष्ट, हसरा, निशाच्या अगदी शेजारी! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बायको म्हणाली, "अहो, हा भूषण नाही, त्याचा धाकटा भाऊ आहे." तो फोटो गेला असता तर नवऱ्यांची संख्या तीन झाली असती!

तेवढ्यात मला एक सुचलं, म्हणजे पुढची चूक. मी स्वतःच इंग्रजीत खुलासा लिहिला. आमच्यात मामाच नवरीला मांडवात आणतो, लग्न लागेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो, पाठवणीला ती त्याच्याच गळ्यात पडून रडते, आणि यात कोणालाही काही गैर वाटत नाही. निशाने तो फोनवर वाचला आणि लगेच मला कॉल केला.

"मामा, हे वाचून साहेब विचारेल, मग नवरा काय करतो?"

"तो पलीकडे उभा असतो."

"मामा, तुम्ही प्लीज काही लिहू नका. वकील म्हणतात, फक्त प्रतिज्ञापत्र करा. तुम्ही माझे सख्खे मामा आहात, आणि आपलं लग्न झालेलं नाही. बस्स."

दुसऱ्या दिवशी मिलमधून सुट्टी टाकून नोटरीकडे गेलो. कोर्टाबाहेर टेबलं मांडून बसतात त्यातले एक वयस्कर गुजराती काका. (हे मात्र खरंच वयस्कर!) भोवती माणसांचा घोळका.

"बोलो भाई, शुं लखवानुं छे?"

मी आवाज खाली आणला. "लखो, के आ छोकरी साथे मारां लग्न नथी थयां." आणि मोबाईलवर निशाचा फोटो दाखवला. गडबडीत दाखवला तो बोहल्यावरचा, मी मागे उभा असलेला.

काकांनी चष्मा काढला. फोटो पाहिला, मला पाहिलं. "तो हवे थवानां छे?" म्हणजे आता व्हायचंय का!

"अरे काका, भाणी छे मारी! भाची!"

घोळक्यात हशा पिकला. एकजण म्हणाला, "काका, उंमर तो जुओ!" दुसऱ्याने हिंदीत विचारलं, "तो मना किसने किया, लडकी ने?" मी सगळ्यांना समजावून सांगायला लागलो: लग्न, कॅनडा, अंतरपाट, सेहरा. जितकं समजावलं तितकी गर्दी वाढली. त्या गर्दीत आमच्याच सोसायटीतले पाटील निघाले. ते माझ्याकडे पाहून निघून गेले, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारात अक्का उभी.

"कोर्टमा जाई उना म्हने तू! लोके काय म्हनतीन?"

"अक्का, लग्न झालं नाही हेच लिहून आलोय!"

"ते काय लिखी देवानं ऱ्हास का?" अक्का कपाळावर हात मारून जिन्यातच बसली.

प्रतिज्ञापत्र गेलं. सोबत अक्काचं रेशनकार्ड, माझा शाळेचा दाखला, जिलबीवाला फोटो, सगळंच गेलं. तरी साहेबाचं समाधान झालं नाही. त्याने निशा आणि भूषणला समोरासमोर मुलाखतीला बोलावलं. त्या दिवशी अक्काने देवापुढचा दिवा विझू दिला नाही, आणि मी मिलमध्ये डाग असलेले दोन तागे न बघताच पास केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निशाचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं गं?"

"मामा, आधी सगळं चुकतच गेलं. साहेबांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? मी म्हटलं पोहे, हा म्हणाला उपमा. घरात स्वयंपाक कोण करतं? हा म्हणाला, मी. अहो, एकदा मॅगी केली होती यानं! मी तिथेच म्हटलं, खोटं बोलू नकोस. हा म्हणाला, तू गप्प बस. साहेब नुसते लिहून घेत होते. मला वाटलं, संपलं."

"मग?"

"मग त्यांनी तुमचा फोटो पुढे ठेवला."

"माझा?" मी नकळत केस सारखे केले.

"हो. म्हणाले, हे मामा पुढे तुमच्याकडे कायमचे राहायला येणार आहेत का?"

"मग काय सांगितलंत?"

निशा जरा घुटमळली. मागून भूषणच हसत म्हणाला, "मामा, आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघं एकदमच ओरडलो, 'नो!' साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, आता मात्र तुम्ही नवरा-बायको वाटता."

अर्ज मंजूर झाला. अक्काने सगळ्या सोसायटीत घारी, म्हणजे आमची सुरती मिठाई, वाटली, पाटलांना दोन जास्त. निशा फोनवर अजून म्हणते, "मामा, तुमच्यामुळेच झालं!" आणि ते खोटंही नाही. ती दोघं तिकडे मजेत आहेत, नवीन घर घेतलंय, पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे म्हणतात. मी पासपोर्ट काढून ठेवलाय. बोलावणं अजून आलेलं नाही.