हिरवी मशीन आणि राखाडी मशीन

माझ्या साडूवर माझा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. घरचे म्हणतात, इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कशाला? पण त्या शनिवारी माझं काय जाणार होतं हे त्यांना कळलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही.

मालवणच्या कोर्टाच्या पडवीत एक कोपरा होता. तिथे टेबल टाकून मी अर्ज टाइप करत असे. शाळा मी अर्ध्यावर सोडली होती. टायपिंग शिकलो कुडाळच्या क्लासमध्ये, तिथला केर काढून. ज्यांच्या शब्दावर तो कोपरा मिळाला होता, त्या वकीलसाहेबांची जुनी इंग्रजी मशीन मी वापरत असे. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली होती आणि कामकाज झपाट्याने मराठीत चाललं होतं. त्या शनिवारी वकीलसाहेब म्हणाले, "सोमवारी मराठी मशीन घेऊन बसा. नाहीतर कणकवलीचा एक टायपिस्ट यायला तयार आहे. त्याला मी शब्द देऊन टाकीन."

म्हणजे सोमवारपर्यंत मशीन, नाहीतर कोपरा गेला. आणि मशीन एकदाच घेता येणार होती. चुकलो असतो तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती.

कुडाळच्या दुकानात दोन कंपन्यांच्या मराठी मशिनी मी आधीच पाहून ठेवल्या होत्या. एक हिरवी, एक राखाडी. हिरवी दिसायला देखणी, बटणं लोण्यासारखी मऊ. राखाडी म्हणजे लोखंडाचा ठोकळा. मी दोन्ही एका कोपऱ्याला धरून उचलून पाहिल्या, रोलर गच्च धरून हलवला, खालच्या कडेवर नख ओढून रंग बघितला. दुकानदार वैतागला. "म्हस घेतास काय?" म्हणाला. पण दुकानात सगळंच नवं असतं. आमच्याकडचं खारं वारं दोन पावसाळ्यांत लोखंडाचं काय करतं, ते दुकानात दिसत नाही. ते ज्याच्या घरात मशीन आहे त्यालाच माहीत.

म्हणून वकीलसाहेबांचं बोलणं संपताच मी शिरोड्याची एसटी पकडली. माझा साडू तिथल्या शाळेत क्लार्क. त्याच्याकडे हिरवी होती. मी पोचलो तेव्हा आमचे सासरेही तिथेच मुक्कामाला होते, झोपाळ्यावर बसून पान लावत होते.

"मशीन म्हणजे मशीन आसा!" साडू म्हणाला. "बोट नुसता टेकव, अक्षर उठता. डोळे झाकून घे तू." विणलेलं कव्हर काढून त्याने एक ओळ टाइप करून दाखवली आणि कव्हर पुन्हा घातलं. सासरे मान हलवत होते.

सौदा करायची मला खोडच आहे. मी सहज म्हटलं, "इतकी बरी आसा तर माकाच दी मरे."

"ने," तो म्हणाला. "आत्ताच ने. कव्हरासकट."

आम्ही हसलो. सुरमईचं कालवण जेवलो. तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला आणि वाटभर काजूच्या भावावर बोलत राहिला.

रविवारी सकाळी मालवणात बंदराजवळ राहणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्या घरबसल्या पंचायतीच्या नोटिसा टाइप करत. सगळे त्यांना काकी म्हणत. त्यांच्याकडे राखाडी, तीही खिडकीत, समुद्राच्या तोंडावर.

"काकी, कशी काय आसा मशीन?"

"कसली कशी? बोटां मोडली माजी. ठोकून ठोकून मनगटां गेली. उचलूक जावा तर कंबर धरता. तू खंय ह्या फंदात पडतस, झिला?"

"मग विकतास काय माका? नवी घेवच्यापेक्षा हीच नेतंय."

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "विकूक काय मी बाजार मांडून बसलंय? चाय पिवचो तर पी, नायतर चलाक लाग." आणि पदराने मशीन पुसून त्यांनी तिच्यावर फडकं टाकलं.

मी चहा न पिताच निघालो. रागानेच. एकाने डोळे झाकून घे म्हटलं, दुसरीने फंदात पडू नको म्हटलं. आणखी काय विचारायचं राहिलं? कुडाळला जाऊन दुकानदाराला घरातून बोलावलं, अर्धी फळी उघडायला लावली आणि हिरवीचा भाव पाडायला बसलो. रिबिनी फुकट मागितल्या, पेटीचं कुलूप बदलून मागितलं. तो सगळ्याला हो म्हणत गेला. इतका पटापट हो म्हणत गेला की पैसे मोजताना माझा हात थांबला.

जो पटकन देतो त्याला ती वस्तू नकोशी असते, हे मी रोज बघत होतो. मग शिरोड्यात काय झालं होतं? "आत्ताच ने." आणि काकी? विकायचं नाव काढताच अंगावर आल्या.

आमच्या मुलखात चांगल्या वस्तूला तोंडाने चांगलं म्हणत नाहीत, दिष्ट लागते. भरपूर दूध देणाऱ्या गाईचा मालकही "देता काय ता थोडासा" असंच म्हणतो. मी ह्याच मातीतला, आणि नेमकं हेच विसरून तोंडचे शब्द धरून बसलो होतो. जो फसला होता तो वाखाणत होता, आणि जिला लाभली होती ती रडगाणं गात होती.

पुढे एका लग्नात मी साडूला गाठलं. तो म्हणाला, "पावसात तिची अक्षरां वर गेली की खाली येवची नाय. पण मशीन सासऱ्यांनी पसंत केलली. त्यांच्यासमोर फसलंय म्हणान कसा सांगू?" बरोबर आहे. घरात नसेल सांगता आलं. पण स्टँडपर्यंतच्या वाटेवर सासरे नव्हते. तिथे काजूचा भाव होता.

त्या रविवारी दुकानात मी म्हटलं, "राखाडी द्या."

"अहो, पावती लिवलंय!"

"फाडा."

"ती कणकवलीवाल्यासाठी ठेवलली आसा. सांजेक येतलो तो."

कणकवलीवाला! माझ्या कोपऱ्यावर टपलेला तोच. माझं डोकं तापलं. "ॲडव्हान्स दिलाय त्याने?"

"शब्द आसा त्याचो."

"काय शब्द? राखाडी ठेवा, असं म्हणाला?"

दुकानदार पावतीपुस्तकाची पानं चाळू लागला. "एक मराठी मशीन ठेवा म्हणालो तो."

"मग ही हिरवी काय कानडीत लिहिते?" मी ओरडलो. बाहेरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. "त्याने मराठी मागितली, त्याला मराठी द्या. तुमचा शब्द राहतो."

"तुमी वकील जावक व्हये होतात," असं पुटपुटत त्याने दुसरी पावती केली. रिबिनी मात्र दिल्या नाहीत. त्या वेळी मी त्यावर भांडलो नाही.

सोमवारी कोर्ट उघडायच्या आधीच मी कोपऱ्यात टेबल मांडून बसलो. थोड्या वेळाने कणकवलीवाला आला, हातात नवी कोरी हिरवी. त्याने शेजारच्या बाकावर पेटी उघडली, माझ्याकडे बघितलंही नाही. वकीलसाहेब आले, दोघांना पाहून थांबले आणि एका दाव्याचा मसुदा आमच्या मध्ये ठेवला. "दोघंही पहिलं पान काढा. प्रतिवादी बरेच आहेत, कार्बन भरपूर घाला."

तो माझ्यापेक्षा चांगला टायपिस्ट होता. हे मला पहिल्या दोन ओळींतच कळलं. त्याची बोटं दिसत नव्हती. मी बटण ठोकत होतो आणि प्रत्येक ठोक्याला टेबल हादरत होतं. त्याचं पान निघालं तेव्हा माझं अजून अर्ध्याच्या जरा खाली होतं. तो हात बांधून उभा राहिला. पक्षकार जमले. माझ्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता, पण चूक करायची नव्हती, म्हणून घाई केली नाही.

वकीलसाहेबांनी दोन्ही गठ्ठे घेतले. वरचे कागद त्यांनी पाहिलेही नाहीत. तळाची प्रत काढली, आधी त्याची, मग माझी, आणि पडवीच्या उजेडात धरली. त्याच्या तळाच्या प्रतीवर पक्षकारांची नावं धुरासारखी पुसट होती. माझ्या प्रतीत प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा कागदात रुतली होती.

"हीच प्रतिवादींना जाईल," ते म्हणाले, आणि मसुद्याची उरलेली पानं माझ्या टेबलावर ठेवून आत गेले.

शेजारी पेटी बंद झाल्याचा आवाज आला. मी मान वर न करता पुढचा कागद चढवला.