सुनांचा दमा

“इकडे धूर येतोय. त्या बाईच्या भोवती पत्रे लावा.”

मॅडम हे माझ्याशी बोलल्या नाहीत, केटरिंगवाल्याशी बोलल्या. मी दोन हात अंतरावर होते. मला ऐकू येतं.

त्यांच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. भर दुपार. नागपुरात अशा कार्याला लंबी रोटी लागतेच. सैल कणीक दोन्ही हातांवर लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायची. गॅसची भट्टी द्या, मी आधीच म्हटलं होतं. मॅडम म्हणाल्या, “गॅसवर ती चव येत नाही.” सकाळी केटरिंगवाल्यानं अगरबत्ती पेटवून वारा पाहिला आणि माझी चूल कंपाउंडच्या भिंतीला लावली. धूर भिंतीकडे जाईल, मांडवाकडे नाही. भिंत आणि चुलीच्या मध्ये मी. माझा हिशेब कोणी धरला नव्हता.

दुपारी वारा फिरला आणि पत्रे आले. तीन बाजूंनी पत्रे, चौथीकडे भिंत. रोटी बाहेर द्यायला वीतभर फट. फटीतून एक हात यायचा, रोटी न्यायचा. तोंड कोणाचंच दिसायचं नाही. बाहेर लोक हसत होते. धुराची चव त्यांची, धूर माझा. मला खोकला आला. पत्र्यापलीकडून आवाज आला, “रोटीवर खोकू नका म्हणावं!”

आईशप्पथ, तेव्हा फार एकटं वाटलं. इतकी माणसं, आणि माझ्याजवळ एक नाही. रडू येत होतं की धूर लागत होता, मलाच कळेना.

महिनाभर आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं मला एका नळीत फुंकायला लावलं होतं. मग विचारलं, “बिडी किती वर्षं ओढता?” मी म्हटलं, कधीच नाही. त्यानं परत विचारलं. बाजूच्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यानं विचारलं, “स्वयंपाक कशावर?” मी सांगितलं, चुलीवर. घरची बिनखिडकीची खोली आणि बाहेर हे रोट्यांचं काम. तो लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, “मग त्यानंच.”

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “आपल्या घराण्यातच दमा हाये. माह्या मायले होता, आजीले होता.”

मीही मान डोलावली होती. पण त्या पत्र्यांत, हातावर रोटी असताना, डोक्यात लख्ख उजेड पडला. सासू या घराण्यातली कुठे होती? ती उमरेडहून आलेली सून. तिची सासूही सून. मीही सून. तिघींचं रक्त वेगळं. घराण्याचं रक्त ज्यांच्यात आहे ते माझे सासरे, दीर, नवरा. त्यांना कधी ठसकाही नाही. मग हा कसला घराण्याचा दमा? एका सुनेनं दुसरीला चुलीसमोरचा पाट दिला. पाटासोबत दमा दिला. आणि नाव घराण्याचं. सासू खोकून खोकून गेली, तेव्हा मी नशिबाला बोल लावला होता. माझीच मला लाज वाटली.

मी उठले. समोरच्या पत्र्याला लाथ घातली.

पत्रा पडला. धूर सरळ मांडवात गेला. मॅडम नाकाला पदर लावून धावत आल्या.

“अहो, काय करताय? आमच्या आईंना धूर सहन होत नाही!”

“मले बी होत नाही.”

बादलीभर पाणी चुलीत ओतलं. तापलेलं मडकं तडकलं. मी चपला घातल्या आणि निघाले. कोणी अडवलं नाही.

घरातली चूलही त्याच दिवशी फोडली. सिलिंडर होता, फक्त पाहुण्यांच्या चहापुरता. आता सगळं त्याच्यावर. नवरा आठ दिवस बोलला नाही. वस्तीतल्या रोट्या करणाऱ्या बाया येत नाहीत. माझ्यामुळे त्यांचीही कामं गेली म्हणतात. खरंही असेल. दुपारी मी दारात एकटी बसते, दम लागला की भिंतीला टेकते. गेलेला श्वास परत येत नाही, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय.

परवा केटरिंगवाला आला होता. माझ्या मुलाचं लग्न ठरल्याचं त्याला कळलं होतं.

“मावशी, तुमच्यानं होत नसन तं सुनेले शिकवा. जवान पोरगी हाये. हातातली कला काहून बुडवता?”

“बुडू दे,” मी म्हटलं. “तिले रोटी शिकवनार नाही. हे माह्यापाशी संपन.”

तो उठेना. मग मीच उठले, आणि त्याला वाट दाखवली.