गोफणीला हात लावायचा नाही

घोडं कॅनॉलमध्ये पडलं तेव्हा माझी दीड वर्षाची नात त्याच्या पाठीवर बांधलेली होती. वर ड्रोन घोंघावत होता. काठावर माझा लेक दगड भरलेली गोफण घेऊन उभा होता आणि चौकीच्या हवालदारानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

आम्ही मेंढरांची माणसं. गाव कवठे महांकाळच्या पलीकडे. दिवाळी झाली की तिकडचं गवत संपतं, मग बिऱ्हाड घोड्यावर टाकून नदीकाठाला यायचं. इस्लामपूर मागं पडलं की ऊस तुटलेली रानं लागतात. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. तळ हलवताना घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि चालता न येणारं पोर. पोर बांधतातच. न बांधलं तर पडतं. "लेकरू बांधलंत कशाला?" असं मला नंतर पुष्कळ शहाण्यांनी विचारलं. त्यांची पोरं गाडीत पट्टा लावून बसतात, त्यांना कोणी विचारत नाही.

यंदा ज्या गावात उतरलो तिथं सगळ्यांच्या तोंडी ड्रोनच होता. कोणी म्हणे चोर टेहळणी करतात, कोणी म्हणे सरकारी मोजणी चाललीय. आम्ही उतरलो त्याच संध्याकाळी तो मेंढरांवर आला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली घुसली. लेकानं कमरेची गोफण सोडली, तोवर तो लांब गेला होता. रानाच्या मालकानं चौकीला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आला.

आल्या आल्या त्यानं लेकाच्या कमरेकडे बघितलं. "गोफणीला हात लावायचा न्हाई. पाडलास तर तुझ्यावरच गुन्हा."

"मग तुमी पाडा, सायब."

"आमाला तसा अधिकार न्हाई रं. वरनं हुकूम लागतो."

"वरनं म्हंजी कुणाचा?"

"ते वरच्यांनाच ठाऊक."

मी म्हटलं, "मग तुमी कशाला आलाय?"

"बघायला, मावशी."

"आमी बी बघतोयच की फुकटात."

तो हसला. मला हसू आलं नाही.

ड्रोन परत यायच्या आत तिथून निघायचं आम्ही ठरवलं. सकाळी घोडं लादलं, नातीला वर बांधलं, सुनेनं दोर धरला. हवालदार पुन्हा आला होता, आज तरी दिसतो का बघायला. दिसला. कॅनॉलवरून आला आणि थेट घोड्याच्या डोक्यावर उतरला, इतका खाली की पंख्यांचा वारा लागत होता. आग्या मोहोळ उठल्यासारखा आवाज. घोडं थरथरायला लागलं.

लेकानं गोफणीत दगड भरला. हवालदारानं झडप घालून मनगट धरलं.

"सायब, सोडा! घोडं बिथरलंय!"

"अरं, ह्यो ड्रोन पाटबंधारे खात्याचा असला म्हंजी? तू आत जाशील अन् माझी वर्दी जाईल!"

"पोर हाय वर! पोर!"

"मी लावतो फोन, थांब!"

तेवढ्यात घोडं उधळलं. सुनेच्या हातातून दोर गेला, तळव्याचं कातडं घेऊन गेला.

कॅनॉल भरून वाहत होता. त्याला सिमेंटचे उतरते काठ, शेवाळलेले. आत पडलेलं जनावर बाहेर येत नाही. लेकानं हात हिसडला आणि उडी टाकली. त्याच्यामागं हवालदारानंही टाकली, बुटांसकट. ते खरं आहे, म्हणून लिहिते. त्या उडीला त्याला कोणाचा हुकूम लागला नाही, याचाच मला जास्त राग आला. भिजलेल्या ओझ्यानं घोडं बुडत होतं. लेकानं सुरीनं गाठ कापली, हवालदारानं पोर पाण्यावर धरलं. मी आणि सुनेनं अंगावरची घोंगडी पीळ देऊन दोरासारखी खाली टाकली आणि पालथं पडून त्यांना ओढलं. सुनेच्या रक्ताचा डाग त्या घोंगडीवर अजून आहे.

ड्रोन तोवर वरच होता. उडवणारा कुठंतरी बसून हे सगळं बघत होता. मग निघून गेला. कोणाचा होता ते आजतागायत कोणी सांगितलं नाही.

मी चौथी शिकलेली बाई. लेकाला घेऊन तालुक्याच्या साहेबाकडे गेले. ड्रोन पाटबंधाऱ्याचा नव्हता, एवढं त्यांनी सांगितलं. विनापरवाना उडवणं गुन्हा आहे, म्हणाले. मग पाडायचा कोणी? तर ते ठरवणारे निराळे, पाडायची यंत्रं निराळ्यांकडे.

"पुढाऱ्याची सभा असली की उडू देत न्हाईत म्हणं," मी म्हटलं.

"तो बंदोबस्ताचा प्रश्न असतो, आजी."

"मग माझ्या नातीचा कसला प्रश्न हुता?"

साहेबांनी चहा सांगितला. मी घेतला नाही. निघताना लेकाला तेवढी ताकीद मिळाली, गोफण जपून वापर. ज्यांना पाडायचा अधिकार आहे ते आले नाहीत, जो आला त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला नेम येतो त्याचा हात धरलेला. याला कायदा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

घोडं खालच्या गावात कॅनॉलच्या जाळीला अडकलेलं सापडलं, मेलेलं. नात जगली. लेक जगला. हवालदारही जगला.